दुपारची पहिली मालिका कोणती? अम्माशी पैज लागलीय

कन्नाचौक
मंडळी, परवा रविवारी जेवणं झाल्यावर घरात वाद पेटला. दूरदर्शनवर दुपारी रोज लागणारी मालिका आधी कोणती आली, ‘शांती’ की ‘स्वाभिमान’? मी म्हणालो स्वाभिमान. अम्मा म्हणाली, "तू शाळेत होतास, तुला काय कळतंय? शांती आधी." मी हरलो तर महिनाभर रात्रीची भांडी माझ्याकडे. ती हरली तर महिनाभर दुपारी रिमोटला हात लावायचा नाही. नेटवर शोधायचं नाही अशी अट आहे. माणसांना विचारायचं नाही असं मात्र कुणी म्हणालेलं नाही, म्हणून इथे आलो.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, टीव्हीवर हिंदी. अम्माने पस्तीस वर्षं बिड्या वळल्या. सकाळी वळलेला माल देऊन, छाट म्हणजे नापास केलेल्या बिड्या किती निघाल्या त्यावर भांडून, नवी पानं आणि तंबाखू घेऊन ती परत यायची. दुपारी शेजारच्या चार-पाच बायका मांडीवर सूप घेऊन आमच्याकडेच बसायच्या, कारण गल्लीच्या त्या टोकाला टीव्ही फक्त आमच्याकडे. मालिकेचा वेळ त्या घड्याळात मोजायच्या नाहीत. अर्ध्या तासाचा भाग म्हणजे दोन जुड्या, पन्नास बिड्या. जाहिराती लागल्या की पाय लांब करायचे आणि पानांवर पाणी शिंपडायचं.

तर कुणाला ते जुनं वेळापत्रक आठवतंय का? शांती, स्वाभिमान, दामिनी, पुढे केबलवरच्या, जे आठवेल ते लिहा.

दुपारचीझोप
पहिली रोजची मालिका म्हणजे आभाळमाया ना? आमच्याकडे शीर्षकगीत लागलं की आई गॅस बारीक करून बाहेर यायची.

वेळापत्रकवही
गॅसवर स्वयंपाक होता म्हणजे संध्याकाळ होती की. आभाळमाया अल्फा मराठीची, १९९९ ची. धागा दुपारचा चाललाय.

कन्नाचौक, भांडी घासायच्या तयारीला लागा. शांती १९९४ ची, स्वाभिमान १९९५ ची. अम्मांना नमस्कार सांगा.

आता जरा मागून सांगतो, कारण ‘रोजची’ आणि ‘दुपारची’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात. आपल्याकडची पहिली मोठी कौटुंबिक मालिका ‘हम लोग’, ७ जुलै १९८४ ला सुरू झाली. लेखन मनोहर श्याम जोशींचं, भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे. कल्पना आणली होती आपल्या वसंत साठ्यांनी, माहिती व प्रसारण मंत्री होते ते, मेक्सिकोच्या दौऱ्यावरून. तिकडे मालिकांमधून साक्षरता आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार चालायचा, ते पाहून. पण हम लोग संध्याकाळची, आणि रोजची नव्हे. ‘बुनियाद’ही तशीच. ‘रामायण’ १९८७ च्या जानेवारीपासून, ते रविवारी सकाळी.

दुपारी तेव्हा पडदा काळाच असायचा. दूरदर्शनचं दुपारचं प्रक्षेपण सुरू झालं १९८९ च्या २६ जानेवारीला. त्याआधी दुपारची मालिका कुणी काढली असती तरी लावणार कुठे? घरी असलेल्या बाईसाठी रोज, त्याच वेळी, न संपणारी गोष्ट हा प्रकार आपल्याकडे खरा रुजला तो शांतीपासून. सिनेमावाल्या दोन मित्रांच्या घरी पुस्तक लिहायला म्हणून आलेली मुलगी, मंदिरा बेदी. मग महेश भट्टांची स्वाभिमान, लेखनात शोभा डे. मराठीत सह्याद्रीवर ‘दामिनी’, प्रतीक्षा लोणकर. मराठीतली पहिली दैनंदिन मालिका म्हणून तिचंच नाव घेतात.

दुपारचीझोप
बरं बरं, वही मिटा. चुकलं माझं.

केबलवाला_९६
मी त्या काळात अशोक चौकाच्या बाजूला एका ऑपरेटरकडे पोऱ्या होतो. गच्चीवर डिश फिरवायची आणि खांबावर चढून वायर जोडायची, तीनशे घरं होती. दुपारची गंमत ऐका. सिनेमा बंद पडला तर पुरुष माणूस संध्याकाळी दुकानावर येऊन शिव्या द्यायचा. दुपारच्या मालिकेत वायर तुटली तर बाई पाच मिनिटांत दारात. एकदा एक आजी लाटणं हातात घेऊन आल्या होत्या. पोळ्या लाटता लाटता तशाच निघालेल्या, पण मी घाबरलोच.

सुरुवातीला स्टार प्लस इंग्रजीच होतं. ‘सान्ता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ आपल्या गल्लीत दिसायचं म्हणजे बघा. कळायचं कुणाला काय? पण कोण कुणाला फसवतंय एवढं बरोबर कळायचं. पुढे ऑगस्ट १९९५ मध्ये तेलुगूचा ई टीव्ही आला आणि पूर्व भागात आमचा धंदा उभा राहिला. तो चॅनेल गेला की पन्नास बायका, आणि भांडण तेलुगूतून. मला अर्धं कळायचं. तेच बरं होतं.

माहेर_अक्कलकोट
आमच्याकडे कानडी. आजोळी दुपारी दूरदर्शनच्या कन्नड वाहिनीवर टी. एन. सीतारामांची ‘मायामृग’ लागायची, १९९८ च्या आसपास. आजीला शेजारची मराठी काकू विचारायची, काय झालं म्हणून, आणि आजी जाहिरातीत भाषांतर करायची. भाषांतरात स्वतःची मतं घालायची, त्यामुळे काकूंनी बघितलेली मायामृग वेगळीच असणार.

@केबलवाला, तेलुगूतली ‘अभिषेकम्’ आठवते का? २००८ च्या डिसेंबरपासून २०२२ पर्यंत चालली, चार हजार भाग.

केबलवाला_९६
आठवते म्हणजे? माझी सासू बघायची. लग्न झालं तेव्हा चालू होती, पोरगी शाळेत जायला लागली तरी चालूच.

कडकभाकरी
चार हजार भाग! माफ करा, पण यात कौतुक करण्यासारखं काय आहे? एक कप पडला तर तीन वेळा पडतो, सहा जणांचे चेहरे दाखवतात, मग जाहिरात, मग तोच कप परत. सून सासूला म्हणते, "आई, तुम्ही इथे? दारात? एवढ्या रात्री?" अगं बाई, ती दारात आहे हे आम्हाला दिसतंय की! माणसाच्या बुद्धीचा अपमान आहे हा. आमच्या घरी मी दुपारी टीव्हीचं बटणच बंद करतो.

दुपारचीझोप
तुम्ही दुपारी घरी असता?

कडकभाकरी
निवृत्त आहे. वाळवण राखतो.

लेकीकडे_काकू
लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ‘दारात? एवढ्या रात्री?’ वाचून राहवलं नाही. थोडं लांबेल.

२००९ साली लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेले होते, सहा महिने. जावई कामाला, लेक रात्रभर जागून दुपारी झोपलेली, नातू माझ्या मांडीवर. बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नाही. मग टीव्ही लावायचे, आवाज अगदी बारीक. दुपारी तिकडे मालिकाच मालिका, सोमवार ते शुक्रवार, तासतासाच्या. माझं इंग्रजी म्हणजे बँकेचा फॉर्म भरण्यापुरतं. पण आठवड्याभरात मला ‘गायडिंग लाइट’ कळायला लागली, ते का, हे तेव्हा समजलं नाही. लेकीला वाटायचं मी चित्र बघून अंदाज बांधते. चित्र कुठलं! नातवाला पाजलेलं पचवायला खांद्यावर घेऊन मी खोलीभर फेऱ्या मारायचे, पाठ टीव्हीकडे. कानाने कळायचं. प्रत्येक जण दुसऱ्याला नावाने हाक मारायचा, कालचं भांडण आज परत सांगायचा, आत कोण आलं ते बोलून दाखवायचा. अगदी तुमची ‘दारात? एवढ्या रात्री?’

आणि मी तिथे असतानाच ती मालिका संपली, १८ सप्टेंबर २००९ ला. जावयाने सांगितलं की ही ७२ वर्षं चालली. मला खोटंच वाटलं. ७२ वर्षांपूर्वी टीव्ही होता कुठे? तर म्हणे आधी रेडिओवर होती, १९३७ पासून. टीव्हीवर आली १९५२ ला. आणखी एक म्हणजे तिचं बाहेरचं चित्रीकरण शेवटच्या दीड वर्षात न्यू जर्सीतल्याच पीपॅक गावी चालायचं. खर्च परवडेना म्हणून सेट सोडून खरी घरं, हातातले कॅमेरे. जावई म्हणाला जाऊ एकदा बघायला, पण तान्ह्या बाळाला घेऊन कुठे जाता. राहिलं ते राहिलं.

तिच्या जागी पुढे बक्षिसांचा खेळ सुरू झाला. तोवर मी सोलापुरात परत आले होते.

वेळापत्रकवही
काकू, या धाग्याचं सोनं केलंत. तुम्ही म्हणता तेच मूळ आहे. हा सगळा प्रकार डोळ्यांसाठी जन्मलाच नाही.

तिकडे १९३० च्या सुमारास शिकागोच्या रेडिओवर अर्ना फिलिप्स नावाच्या बाईने रोजची पंधरा मिनिटांची गोष्ट सुरू केली. गायडिंग लाइटही तिचीच. ऐकणारी बाई भांडी घासत, कपडे धूत असणार, म्हणून प्रायोजक कोण? साबणवाले. प्रॉक्टर अँड गॅम्बल, कोलगेट, लीव्हर. त्यावरून ‘सोप ऑपेरा’. ऐकणारीचे हात आणि डोळे कामात आहेत हे धरूनच लिहायचं. म्हणून नावाने हाका, म्हणून कालचं आज परत, म्हणून दर दोन वाक्यांनी ऑर्गन वाजवून सांगायचं की आता वाईट होणार आहे. गायडिंग लाइट टीव्हीवर आल्यावरही १९५६ पर्यंत रेडिओवर चालूच होती. तीच गोष्ट, तेच नट, एकाच दिवशी दोनदा. म्हणजे चित्र असलं काय नि नसलं काय, मजकूर तोच! टीव्हीवर गेल्यावर लेखकांनी ही सवय टाकली नाही, कारण बाईचं काम कुठे संपलं होतं?

अजून एक. २२ नोव्हेंबर १९६३, दुपार. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर ‘ॲज द वर्ल्ड टर्न्स’ ही मालिका चालू होती, तेव्हा ती रोज थेट सादर व्हायची. भाग सुरू होऊन दहा मिनिटं झालेली आणि मध्येच वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइटचा आवाज आला की केनेडींवर गोळीबार झालाय. नुसता आवाज. वृत्तकक्षातला कॅमेरा तापायला वेळ लागायचा, त्यामुळे पडद्यावर फक्त पाटी. अमेरिकेतल्या कितीतरी बायकांना ती बातमी अशी इस्त्री करता करता, मालिकेच्या मध्ये, कानांवर पडली.

ॲज द वर्ल्ड टर्न्स २०१० च्या सप्टेंबरमध्ये संपली. साबणवाल्यांची ती शेवटची मालिका. ‘जनरल हॉस्पिटल’ मात्र १ एप्रिल १९६३ पासून अजून चालू आहे. तिच्यातलं १९८१ चं ल्यूक-लॉराचं लग्न सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिलं, एलिझाबेथ टेलर पाहुणी होती. ‘डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ १९६५ ची, ती २०२२ मध्ये टीव्हीवरून उठून ॲपवर गेली.

दुपारचीझोप
हे शोधलंत की पाठ आहे?

वेळापत्रकवही
पाठ आहे. घरातले म्हणतात एवढं पाठांतर अभ्यासात केलं असतं तर.

जुनीमिल
कानाचा विषय निघालाय म्हणून उलटी बाजू सांगतो. माझे वडील यंत्रमागावर. मालकाने शेडच्या कोपऱ्यात, वर फळीवर, एक टीव्ही ठेवला होता, म्हणजे माणसं दुपारी चहाला बाहेर जाऊन वेळ काढू नयेत. बारा माग चालू असताना शेजारच्याला हाक मारली तरी ऐकू जात नाही. त्यामुळे वडिलांनी टीव्ही बघितला तो नुसता डोळ्यांनी. क्रिकेट, कुस्ती, महाभारत यांना आवाज नसला तरी चालतंय. महाभारताची गोष्ट तर पाठच. पण मालिका लागली की शेडमधलं कुणीच मान वर करायचं नाही. वडील म्हणायचे, "चार माणसं उभी राहून तोंड हलवतात, याला काय बघायचं?" आई घरी तीच मालिका ऐकून रडलेली असायची. रात्री जेवताना दोघांचं भांडण, की त्यात आहे काय.

आज इथे वाचून कळलं. दोघं बरोबर होते की.

कडकभाकरी
म्हणजे मीही यंत्रमागवालाच ठरलो. मला एका कानाने कमी ऐकू येतं, हे आधी सांगायला हवं होतं. तरीही कप तीन वेळा पडायची गरज नाही. तो कानाचा मुद्दा नाही, तो भाग लांबवण्याचा आहे.

वेळापत्रकवही
ते मान्य. कपाची बाजू मी घेत नाही.

माहेर_अक्कलकोट
आणि मालिकेच्या बरोबर मध्यावर नळाला पाणी येतं, ते कुणी लिहिलंच नाही! चार दिवसांनी येणार, ते नेमकं शेवटच्या दहा मिनिटांत. मी टीव्हीचा आवाज वाढवून मोटर लावते, पिंप भरता भरता ऐकते. कालच ‘मुरांबा’चा अर्धा भाग असा पिंपापाशी ऐकला. काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

दुपारचीझोप
मुरांबा दुपारीच लागते ना अजून? म्हणजे दुपार परत आली म्हणायची. मध्ये बराच काळ दुपारी नुसत्या रात्रीच्याच मालिका परत दाखवायचे.

वेळापत्रकवही
बरोबर. २००० च्या जुलैत ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आली आणि सगळा पैसा रात्रीकडे वळला. मराठीतही मोठ्या गाड्या रात्रीच्याच. ई टीव्ही मराठीची ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांच्या वर भाग, रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड. स्टार प्रवाहने मात्र दुपारी नव्याकोऱ्या मालिका लावल्या. मुरांबा २०२२ च्या फेब्रुवारीपासून, शुभविवाह २०२३ पासून. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ मध्ये रात्रीची म्हणून सुरू झाली आणि २०२४ मध्ये दुपारी अडीचला आली, त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर संपली. रात्रीची मालिका दुपारी आणली की प्रेक्षक त्याला पायउतार होणं समजतात. माझ्या बायकोला मात्र सोयीचं झालं, रात्री कुणाशी रिमोटसाठी भांडण नाही.

केबलवाला_९६
लॉकडाऊन राहिला की. चित्रीकरण बंद, सगळीकडे जुनंच, दूरदर्शनवर परत रामायण. लोक मला फोन करून विचारायचे, नवीन भाग कधी, जणू मीच लिहितो.

लेकीकडे_काकू
तिकडेही तेच झालं. ‘डेज’वाल्यांनी कित्येक महिन्यांचे भाग आधीच करून ठेवलेले होते, त्यांचं चालू राहिलं. बाकीच्यांना जुने दाखवावे लागले. मग ‘बोल्ड अँड ब्यूटिफुल’ परत सुरू झाली, तर अंतर पाळायचं म्हणून जवळिकीच्या प्रसंगात समोर पुतळा! कपड्यांच्या दुकानात असतो तसला. नाहीतर नटाची खरी बायको पाठमोरी उभी करायची. लेक व्हिडिओ कॉलवर दाखवत होती, मी हसून हसून खाली बसले.

कडकभाकरी
पुतळ्याचा अभिनय कसा होता? बाकीच्यांपेक्षा बरा असणार.

कन्नाचौक
मंडळी, उशीर झाला, माफ करा. भांडी घासत होतो.

हा धागा काल रात्री अम्माला पूर्ण वाचून दाखवला. काकूंचा भाग तिने दोनदा ऐकला. मग मी विचारलं, शांती आधी हे तुला एवढं खात्रीनं कसं आठवतं? तारीख तर तुला माझ्या जन्माचीसुद्धा नीट सांगता येत नाही. ती म्हणाली, "शांतीच्या वेळी टीव्हीत माणसं नव्हती रे."

मला आधी कळेना. मग आठवलं. आमच्या सेकंडहँड टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली होती. दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला त्यात दुसरा जुना टीव्ही आला असता, आणि नानांनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितलं. दिवाळी गेली, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा गेली. सहा-सात महिने आमचा टीव्ही म्हणजे काळी काच आणि आवाज. आम्ही पोरं शेजारच्या गल्लीत जाऊन बघायचो. पण दुपारच्या बायका हलल्या नाहीत. त्याच जागी, त्याच वेळी, मांडीवर सूप, तोंडं सवयीने काळ्या काचेकडे. शांती त्यांनी तशीच ऐकली त्या दिवसांत. एकीने मध्येच विचारलं होतं म्हणे, "ही पोरगी दिसते कशी?" तर दुसरी म्हणाली, "आवाजावरून उंच वाटते." स्वाभिमान लागली तोवर नानांनी दुसरा टीव्ही आणला होता, म्हणून अम्माच्या हिशेबात स्वाभिमान ही ‘माणसंवाली’ मालिका. वर्षं नाहीत तिच्याकडे, हे आहे.

आणखी एक आठवलं, तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. २००३ चा क्रिकेटचा विश्वचषक. मी आणि नाना बाहेरच्या खोलीत सामन्याआधीची बडबड बघतोय, मंदिरा बेदी बोलतेय. अम्मा आत पानं कातरत होती, तिकडून टीव्ही दिसत नाही. कात्री थांबली. आतूनच ओरडली, "शांती हाय की ती! बाहेर शांती आलीय का?"

मी म्हणालो, अम्मा, क्रिकेट चाललंय. ती कात्री हातात घेऊन बाहेर आली, टीव्हीसमोर उभी राहिली आणि बराच वेळ बघत बसली. मग आत गेली आणि बिड्या वळायला येणाऱ्या शांताक्काला भिंतीपलीकडून तेलुगूत सांगितलं, "उंच नाही गं फार."

दुपारचीझोप
😄 किती दिवस राहिले भांड्यांचे?

कन्नाचौक
तेवीस. आणि काल कढई होती.